शनिवार, अमावस्या आणि प्लॉट नंबर 7

ठाणे खाडीत फील्ड इंटर्न म्हणून घेतलं, तेव्हा मी मुलाखतीसाठी सगळं पाठ करून गेले होते: 2015 ला फ्लेमिंगो अभयारण्य, साधारण 1690 हेक्टर, 2022 ला रामसर दर्जा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ). यातलं काहीच विचारलं नाही. विचारलं एवढंच, "पोहता येतं का?"

काम कांदळवनाच्या मोजणीचं. दहा बाय दहा मीटरचा चौकोन, म्हणजे प्लॉट, दोरीने आखायचा, आतल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर टेपने मोजायचा, रोपं वेगळी मोजायची. ऐकायला सोपं. पण तिवर हे झाड सरळ वाढेल तर शपथ! छातीपर्यंत पोचायच्या आत त्याला तीन-चार फांद्या फुटलेल्या असतात आणि प्रत्येकीचा घेर वेगळा लिहावा लागतो. खाली चिखलातून वर आलेली श्वसनमुळं पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी. हौसेने घेतलेले गमबूट पहिल्याच दिवशी चिखलात रुतले, पाय तेवढा वर आला. नंतर नाडीचे कॅनव्हास बूटच घातले. पेनची शाई पसरते, म्हणून लिहायला शिसपेन्सिल.

खरी फजिती झाली ती प्लॉट नंबर 7 ला. आधीच्या शनिवारी अष्टमी होती, नऊला आत शिरून दोनपर्यंत निवांत काम झालं. पुढच्या शनिवारीही नऊलाच गेले. दहा वाजता पाणी घोट्याला, थोड्या वेळाने गुडघ्याला. माझी अठरा झाडं झाली होती. होडीतून दिवा कोळीवाड्यातले एक काका ओरडले, "पोरी, आज अवस हाय!"

बांधावर आल्यावर त्यांनी हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, म्हणजे बाराला ओहोटी. अमावस्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा. शिवाय अष्टमीला भांग, पाणी फार चढत नाही, अमावस्येला उधाण. आत खाडीत पाणी थोडं उशिरा पोचतं, तेवढं सोडलं तर मोबाईलवरच्या तक्त्याशी हे छान जुळतं. आईच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय त्या दिवसापासून माझ्या बॅगेत.

फ्लेमिंगो दिसले, अर्थात. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात माना खाली घालून चरत असतात; भरती आली की बरेचसे नेरूळ-सीवूडच्या पाणथळीकडे उडतात. त्यांनाही वेळापत्रक पाठ, मलाच नव्हतं.

परतीच्या ठाणे लोकलमध्ये मला कायम बसायला जागा मिळायची. चिखलाचा तो सडक्या अंड्याचा वास दोन अंघोळींनीही जात नाही.

प्लॉट 7 पुढच्या अष्टमीला पूर्ण केला. एकूण एकतीस झाडं, पैकी एक चिपी, बाकी सगळी तिवरं.