नर्सरीवालीच्या खिशातला चाकू

कलमं न्यायला येणाऱ्यांत पुण्या-मुंबईची तरुण मंडळी असली की कलमांची चौकशी संपल्यावर हमखास एक प्रश्न येतो. "ताई, तुमच्यासारखा घडीचा चाकू रोज जवळ ठेवायचाय. कुठला घेऊ? दणकट पाहिजे." आणि लगेच मोबाइलवर एखादा काळाकुट्ट, अर्धं पातं दातेरी, मुठीवर कवटी कोरलेला नग दाखवतात. दर वेळी तेच सांगायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

दणकट म्हणजे जाड नव्हे. इथेच बहुतेकांचे पैसे पाण्यात जातात.

आमची नर्सरी दापोलीच्या बाजूला, आंबा-काजूच्या कलमांची. माझा चाकू दिवसभरात काय कापतो? खताच्या गोणीची शिवण (बरोबर टोक सापडलं तर ती एका हिसक्यात उसवते, पण ते टोक कुणाला सापडतं?), सुतळी, सुंभ, शेडनेट, ठिबकची १६ मिलिमीटरची नळी, रोपांच्या काळ्या पिशव्या, दुपारी कैरी, हंगामात फणस. यातल्या एकाही कामाला ताकद लागत नाही, धार लागते. चार मिलिमीटर जाडीचं पातं कैरीत घाला, ते कापत नाही, फोडतं. ठिबकच्या नळीत ते अर्ध्यावर अडकतं, मग आपण जोर लावतो, आणि जोर लावला की हात कुठे जाईल याचा नेम नाही. दोन-अडीच मिलिमीटरचं, धारेकडे निमुळतं होत गेलेलं पातं पुष्कळ झालं. फळी उचकटायची तर घरात पहार असते. झाड तोडायचं तर कोयता आहे, आमच्याकडे तो कमरेला आकडीत असतोच. घडीच्या चाकूकडून ती कामं करून घ्यायचीच कशाला?

आता पोलाद. जाहिरातींत याचाच बडेजाव जास्त. डी२ हे नाव हल्ली सगळीकडे दिसतं. पोलाद चांगलं आहे, सुमारे ६० रॉकवेलपर्यंत (रॉकवेल म्हणजे पोलादाच्या कडकपणाचं माप) कडक करतात, धार टिकते. पण गंज रोखणारं क्रोमियम त्यात १२ टक्क्यांच्या आसपास, त्यातलं बरंचसं कार्बनबरोबर बांधलं गेलेलं, म्हणजे पुरतं गंजरोधक नव्हेच. आमच्याकडे जुलैत कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तिथे अशा पात्यावर ठिपके यायला कितीसा वेळ लागणार? साधं कार्बन पोलाद तर कैरी कापून पुसायला विसरलात की बसल्या जागी काळं पडतं. नाशिक-सोलापूरच्या कोरड्या हवेत ते खुशाल वापरा, कोकणात नको.

दुसरी गोष्ट मातीची. पिशवी फाडताना पातं आतल्या मातीत जातंच. आमची तांबडी माती जांभ्याची, कणीदार. तिच्यापुढे कसलंही पोलाद असो, धार उतरते. मग प्रश्न उरतो तो परत धार लावायला किती वेळ लागतो याचा. स्विस चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद ५६ रॉकवेलच्या आसपासचं, तसं मऊच. चाकूवेडी माणसं त्याला नाकं मुरडतात. मुरडू देत. संध्याकाळी चहा उकळेपर्यंत साध्या दगडावर पाच-दहा हात मारले की ते पुन्हा कागद कापतं. कडक पोलादाला डायमंडची पट्टी आणि निवांत रविवार लागतो. सायकलवरच्या धारवाल्याकडे मात्र चांगला चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर ठिणग्या उडवत पातं तापलं की धारेचं पाणी उतरतं, आणि मग ती धार लावूनही टिकत नाही.

कुलपाबद्दल, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणाऱ्या योजनेबद्दल, जरा सविस्तर सांगते, कारण बोटं आपली असतात. नुसत्या स्प्रिंगवर थांबणारे बिनकुलपाचे चाकू फळं कापायला ठीक, पण ओल्या हाताने सुंभ ओढून कापताना पातं मिटू शकतं. लायनर लॉक सध्या सगळ्यात जास्त मिळतं. मुठीच्या आत एक पातळ पोलादी पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की ती आपल्याच ताणाने बाजूला सरकते आणि पात्याच्या बुडाखाली येऊन उभी राहते. घेताना चाकू उघडून नेमकं तिथे बघायचं. पट्टी बुडाच्या अगदी काठावर जेमतेम टेकली असेल तर नको. पार पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडली असेल तरी नको, म्हणजे झिजायला जागाच उरली नाही. पाव ते अर्ध्या रुंदीवर थांबलेली असावी. मग पातं दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवायचं, जरासुद्धा कटकट जाणवली की परत ठेवायचा. शेवटी पात्याची पाठ लाकडावर हलकेच टेकवून दाबायची, बोटं पात्याच्या वाटेतून बाहेर ठेवून. ऑनलाइन मागवलेल्या एका बिनानावाच्या चाकूने या परीक्षेत घरी पहिल्याच दिवशी मान टाकली. तो आता डिंक खरवडायला आहे, कायमचा उघडा, काथ्याने बांधलेला.

फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातला ओपिनेल माझा मनापासून आवडता. १८९० पासून बनतोय, आणि १९५५ साली त्याला फिरत्या कड्याचं कुलूप आलं. कडं फिरवलं की पातं अडकलं, बस्स. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, पातळ, कापायला सुरेख, आणि गंजरोधक पोलादातही मिळतं. पण मूठ लाकडाची. लाकूड दमटपणाने फुगतं आणि पातं आवळून धरतं. तिकडेही हे होतं म्हणून सॅव्हॉयची माणसं मुठीचं बूड टेबलावर ठोकतात, मग पात्याची पाठ वर येते आणि उघडता येतो. आमच्या चार महिन्यांच्या पावसात दिवसभर ठोकत कोण बसणार? दिवाळीनंतर काढते तो, मे अखेरपर्यंत.

पावसाळ्यात खिशात असतो तो व्हिक्टोरिनॉक्सचा १११ मिलिमीटर मुठीचा, लायनर लॉकचा, नायलॉनच्या मुठीचा. त्यात छोटी करवत आहे, बोटाएवढ्या फांद्यांना ती चाकूपेक्षा बरी. एका हाताने उघडता येईल असा प्रकार घ्या. नखाने उघडायची खाच ओल्या बोटांना सापडत नाही, आणि मातीत काम करणाऱ्या बाईला नखं असतात कुठे?

खिशाचं दुखणं पुरुषांना कळणार नाही. कुडत्याला खिसा नसतो, असला तर रुमालापुरता. क्लिप लावली तर सुती कापड महिन्याभरात फाटतं. मी शिंप्याकडून उजव्या बाजूला खोल खिसा शिवून घेते, आतून जुन्या जीन्सचं अस्तर.

फणस कापल्यावर चीक सांध्यात जातो आणि पातं जाम होतं. खोबरेल चोळायचं, थोडं थांबायचं, मग साबण आणि गरम पाणी. पण सांध्यात वंगण म्हणून खोबरेल ठेवू नका, चोवीस-पंचवीस अंशांखाली ते थिजतं आणि पौषातल्या सकाळी चाकू उघडताना रडवतो. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.

हा चाकू कलमं बांधायला वापरत नाही. कोयकलमाची (कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर बांधायच्या आंब्याच्या कलमाची) रोपं दहा-पंधरा दिवसांची, पानं अजून तांबूस असलेली. त्यांना पाचर आणि चीर अगदी सपाट लागते. त्यासाठी एकाच बाजूने धार लावलेला वेगळा चाकू, आणि त्याला दुसरं काही शिवू द्यायचं नाही. आमच्या काकांनी एकदा त्याने सुपारी कातरलेली मी पाहिली, त्यावर घरात दोन दिवस शांतता होती.

कायद्याचंही विचारतात. शस्त्र नियमांत परवान्याची गोष्ट येते ती ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांना, आणि घरकाम-शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. आपला चाकू त्याच्या जवळपासही नाही. पण सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, पेपरात छापून येतो, त्या यादीत सोटे, भाले, लाठ्यांबरोबर सुरेही असतात. त्या दिवसांत बाजारात जाताना चाकू घरी ठेवा. बटण दाबून उडणारा तर कधीच घेऊ नका. दिल्लीत अशा बटणाच्या चाकूंवर १९८० पासून वेगळी अधिसूचना आहे, आणि कामाला त्याचा उपयोग शून्य. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात टाका.

रंग लाल किंवा नारिंगी घ्या. जंगलासाठी म्हणून हिरवी-मातकट ठिपक्यांची मूठ विकतात. ती गवतात एकदा पडली की बसा शोधत.