दुधाकडे बघ

ऑफिसात नवं प्रोजेक्ट सुरू झालं की पहिल्या आठवड्यात एक एक्सेल शीट फिरते. डावीकडे कामांची यादी, वरच्या ओळीत माणसांची नावं आणि मधल्या चौकोनांत आर, ए, सी, आय यांपैकी एकेक अक्षर. हा 'रेसी' चार्ट. सी म्हणजे ज्याचा सल्ला घ्यायचा तो आणि आय म्हणजे ज्याला नुसतं कळवायचं तो. या दोघांना इथेच निरोप देऊ. खरी गंमत उरलेल्या दोघांत आहे. आर म्हणजे रिस्पॉन्सिबल, प्रत्यक्ष काम करणारा; ए म्हणजे अकाउंटेबल, त्या कामाचा जाब देणारा. एका कामाला आर कितीही चालतात, ए मात्र एकच असावा लागतो. ट्रेनिंगमध्ये यावर सगळे माना डोलावतात आणि जेवणाच्या सुट्टीनंतर दोन्ही शब्द खुशाल एकमेकांच्या जागी वापरायला लागतात.

आपल्याकडे दोन्हीला जबाबदारीच म्हणतात. 'उत्तरदायित्व' आहे म्हणा, पण तो शब्द शासन निर्णयाच्या बाहेर फारसा पडत नाही. बोलताना मात्र आपण फरक बरोबर करतो. जबाबदारी घेतात, टाकतात, वाटून देतात, वेळ आली की झटकतातही. जाब तसा वाटता येत नाही. तो कोणीतरी येऊन विचारतो आणि समोर जो असेल त्याला द्यावा लागतो.

याचं शास्त्र आमच्या घरी गॅसच्या शेगडीपाशी शिकवलं जाई. आई दूध तापत ठेवायची आणि दारावर आलेल्या भाजीवालीकडे जाता जाता म्हणायची, "दुधाकडे बघ रे जरा." या चार शब्दांत आर माझ्याकडे आलेला असे. मी दुधाकडे बघायचो. दूध माझ्याकडे बघायचं. मग मी क्षणभर पेपरातल्या क्रिकेटच्या पानाकडे बघितलं की ते नेमकं तेवढ्यात वर येऊन ओट्यावरून खाली उतरलेलं असायचं. (दुधाला माणसाची नजर कळते, याबद्दल मला आजही शंका नाही.) माझी यथासांग कानउघाडणी व्हायची. पण संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांपुढे कोरा चहा ठेवताना आई म्हणायची, "आज दूध उतू गेलं हो." गेलं. कोणी घालवलं, याचा उल्लेख नाही. स्वयंपाकघरात गुन्हेगार मी होतो, पण बैठकीच्या खोलीत जाब तिचा होता आणि तो तिनं माझ्या अंगावर कधीच ढकलला नाही.

सार्वजनिक आयुष्यातलं याचं उदाहरण निघालं की सगळे लालबहादूर शास्त्रींचं नाव घेतात. नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियालूरला मोठा रेल्वे अपघात झाला आणि रेल्वेमंत्री असलेल्या शास्त्रींनी राजीनामा दिला. त्याच वर्षी आधी महबूबनगरच्या अपघातानंतर त्यांनी देऊ केलेला राजीनामा नेहरूंनी स्वीकारला नव्हता. या वेळी स्वीकारला. ही गोष्ट भाषणांतून इतकी घासली गेलीय की तिचा उत्तरार्ध सहसा सांगितलाच जात नाही. राजीनामा स्वीकारताना नेहरूंनी संसदेत स्पष्ट केलं की अपघाताला शास्त्री कोणत्याही प्रकारे जबाबदार आहेत म्हणून नव्हे, तर घटनात्मक औचित्याचा पायंडा पडावा म्हणून आपण तो स्वीकारतो आहोत. म्हणजे आर अजिबात नाही आणि ए पूर्ण. रेसी चार्टवाल्यांनी पहिल्या स्लाइडवर हेच घालायला हवं.

पण हे झालं वरच्या माणसानं जाब ओढून घेण्याचं. एरवी त्याचा उतार उलट्या दिशेला असतो, आणि हा उतार आपल्याकडे जुना आहे. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली ब्रिटिश अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचं, म्हणजे राखणदाराचं, वर्णन आहे. गावात चोरी झाली की जागल्यानं चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन तिथल्या जागल्याची खात्री पटवली, की हा सुटला आणि तो अडकला. मग त्यानं पुढचं गाव गाठायचं. माग जिथे हरवेल त्या गावानं चोरीची भरपाई करायची. आधी जागल्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे आणि उरलेली सगळ्या गावानं मिळून.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही पद्धत फार हुशार वाटली होती. जाबाची हद्द नकाशावर दाखवता येईल इतकी स्पष्ट, आणि ती ओलांडताना पुढच्याची कबुलीही हवी. आजच्या कुठल्याही दोन सरकारी खात्यांच्या मधोमध खणलेल्या रस्त्याला हे भाग्य नाही. मग जागल्या कोण असे, ते लक्षात आलं. प्रदेशाप्रमाणे रामोशी, महार, भिल्ल. गावाच्या कडेला राहणारा, बलुत्यावर जगणारा माणूस. ज्याच्या घरात चोरी करण्यासारखं काही नाही, त्यानं इतरांच्या दागिन्यांची भरपाई करायची. खुद्द एल्फिन्स्टनलाही ही भरपाई उघडच अन्यायाची वाटली आणि तसं त्यानं लिहून ठेवलं. ती पुरी वसूल क्वचितच होई, पण काही ना काही दंड बहुधा बसेच.

आमच्या सोसायटीत दागिने नाहीत, गच्चीवरची टाकी आहे. ती भरली की पंप आपोआप बंद व्हावा म्हणून बसवलेला सेन्सर मेला, त्याला बरेच दिवस झाले. इलेक्ट्रिशियननं अंदाजपत्रक दिलं, ते कमिटीच्या फायलीत लागलं, आणि टाकी दर दोन दिवसांनी धबधब्यासारखी वाहू लागली. सहकार कायद्याप्रमाणे सोसायट्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी थेट विचारलं, "इतकं पाणी वाया जातंय, याला जबाबदार कोण?"

अध्यक्ष म्हणाले, पाण्याचं खातं सेक्रेटरींकडे आहे. सेक्रेटरी म्हणाले, अंदाजपत्रक त्यांनी कधीच पुढे पाठवलंय. खजिनदार म्हणाले, मंजुरीशिवाय ते चेक कसा काढणार? कोणीतरी कायदेशीर मुद्दा काढला की समितीच्या निर्णयांना सगळे सदस्य संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार असतात. त्यावर खजिनदारांनी नम्रपणे लक्षात आणून दिलं की सेन्सरबाबत निर्णयच झालेला नसल्यामुळे हे कलम लागू होत नाही. सभा या युक्तिवादानं थोडी प्रभावित झाली.

मग मागच्या रांगेतून आवाज आला, "पण पंपाचं बटण दाबतो कोण?"

बटण वॉचमन दाबतो. तो या वेळी फाटकापाशी उभा राहून पाण्याच्या टँकरला आत घेत होता. टाकी वाहिल्यास त्याच्या पगारातून शंभर रुपये कापावेत, असा ठराव मांडला गेला. आमच्या सोसायटीत अनुमोदकासाठी एरवी हातापाया पडावं लागतं. या ठरावाला तिघे मिळाले.