फिस्टुलाचा हात
आज डायलिसिसच्या वेळी वडिलांजवळ बसलो होतो. परिचारिकेने त्यांच्या मनगटावर बोटे टेकवून फिस्टुलातील, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनी व शीर जोडलेल्या जागेतील, रक्तप्रवाहाची थरथर तपासली आणि मगच सुया टोचल्या. धमनी थेट शिरेला जोडल्यावर वाढलेल्या प्रवाहाने शीर रुंद व जाड होते; त्याला अनेक आठवडे, कधी महिनेही लागतात, म्हणून ही शस्त्रक्रिया डायलिसिसच्या बरीच आधी व्हायला हवी, परंतु कित्येकांना हे उशिरा कळते आणि जंतुसंसर्गाचा अधिक धोका पत्करून मानेतील शिरेत घातलेल्या नळीवर (कॅथेटरवर) दिवस काढावे लागतात. १९६६ साली ब्रेशिया, चिमिनो या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली ही पद्धत आजही बहुतेकांसाठी पहिली पसंती आहे, याचे मला नवल वाटते. त्या हातावर रक्तदाब मोजू नये, रक्त काढू नये, हे वडील प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला (काहीशा हुकमी आवाजात) बजावतात. थरथर जाणवेनाशी झाली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.