एडीएचडीचा जमाखर्च : बारा महिन्यांच्या हिशेबाचा अनुभव

वयाच्या अडतिसाव्या वर्षी मला एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे अवघड करणाऱ्या विकाराचे, निदान झाले आणि त्यानंतर चौथ्या महिन्यात मी मागच्या बारा महिन्यांची बँकेची आणि क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट्स कागदावर छापून घेतली. पडद्यावर उघडलेली गोष्ट दुसऱ्या खिडकीआड गेली की माझ्यापुरती ती संपते. कागद निदान टेबलावर पडून डोळ्यांना खुपत राहतो. पगार बरा, चैन फारशी नाही, तरीही महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात खडखडाट का होतो, या प्रश्नाचे उत्तर मला आकड्यांत हवे होते. विशेषणांत ते लहानपणापासून मिळत आले होते: वेंधळी, धांदरट, हातात पैसा न टिकणारी.

निदानाच्या खटपटीबद्दल थोडक्यातच लिहिते. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार लक्षणांपैकी काही वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात, आणि सतरा वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीसाठी अवधानाच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊ लक्षणांच्या गटातील किमान पाच पुरेशी धरली जातात. त्यामुळे शाळेतली जुनी प्रगतिपुस्तके शोधणे आले, प्रश्नावल्या वेळेत भरून देणे आले, ठरलेल्या तारखांना हजर राहणे आले. ज्या व्यक्तीला नेमके हेच जमत नाही, तिने ते जमत नसल्याचा पुरावा वेळेत सादर करायचा, अशी ही गंमत आहे. मी एक भेट साफ विसरले आणि न झालेल्या त्या भेटीचे पूर्ण शुल्क भरले. हिशेबातली पहिली लाल खूण तीच.

खुणांची पद्धत साधी होती. ज्या पैशांच्या बदल्यात मला काहीच मिळाले नाही, त्यांना लाल. जी वस्तू घरात असताना पुन्हा घेतली किंवा घेऊन कधी वापरलीच नाही, तिला निळी. आणि केवळ माझ्या डोक्यावरचा भार हलका व्हावा म्हणून जे जास्तीचे मोजले, त्याला हिरवी. काम दोन बैठकांत उरकेल असे वाटले होते, प्रत्यक्षात अकरा लागल्या. पहिल्या तीन बैठकांत तर मी पेन्सिलींना टोक काढण्यापलीकडे गेले नाही. शेवटी ताईला सांगितले, की तू नुसती समोर बस, काही विचारू नकोस. ती आपले विणकाम घेऊन बसू लागली आणि कागद उलटू लागले. दुसरे कोणी शेजारी असले की काम पुढे सरकते, हा अनुभव एडीएचडी असलेली अनेक माणसे सांगतात आणि त्याला ‘बॉडी डबलिंग’ असे नावही आहे. मला मात्र त्याहून महत्त्वाचे वाटले ते हे, की ताईने एकदाही ‘अगं बाई, हे काय!’ असे म्हटले नाही.

लाल खुणा सत्तेचाळीस निघाल्या आणि त्यांची बेरीज माझ्या एका महिन्याच्या पगाराला मागे टाकून गेली. त्यांतल्या एकोणीस विलंब शुल्काच्या होत्या. मी प्रत्येक विलंब शुल्काच्या तारखेला खात्यात किती शिल्लक होती तेही तपासले, आणि इथे मला पेन्सिल खाली ठेवावी लागली, कारण एकोणीसपैकी एकोणीस वेळा खात्यात बिल भरण्यापुरते पैसे होते. तारीखही मला बहुतेक वेळा माहीत होती. बिल उघडून पाहिलेले होते, भरायचे म्हणून मनाशी घोकलेले होते, आणि ते ‘माहीत असणे’ व ‘भरणे’ यांच्यामधल्या चार-पाच पायऱ्यांवर कुठेतरी पासवर्ड आठवला नव्हता, फोन वाजला होता किंवा दुसरेच काहीतरी डोळ्यांसमोर आले होते. एकदा उशीर झाला की मग लाज. लाजेपोटी पुढचे पाकीट उघडायचेच नाही, आणि न उघडलेल्या पाकिटात आणखी दंड. वाईट बातमी असेल अशा भीतीने खात्याकडे पाहणेच टाळण्याच्या माणसाच्या या सवयीला अर्थशास्त्राचे अभ्यासक ‘शहामृग परिणाम’ म्हणतात. ती एडीएचडी असलेल्यांचीच मिरास नाही, पण आमच्याकडे टाळण्याजोगी पाकिटे अधिक साचतात.

सर्वांत महाग खूण कार्डाच्या व्याजाची होती. मी कित्येक महिने ‘किमान देय रक्कम’ भरून निर्धास्त झाले होते, कारण ती भरली की सूचनांचा भडिमार थांबतो आणि माझ्या मेंदूच्या लेखी काम पूर्ण होते. उरलेल्या रकमेवर व्याज चढतच राहते. दरमहा ३ टक्के हा दर कानाला किरकोळ वाटतो, पण चक्रवाढीने वर्षाला तो ४२ टक्क्यांच्या वर जातो, आणि काहीच फेडले नाही तर चोवीस महिन्यांत देणे दुपटीच्या पुढे पोहोचते. हे गणित मला शाळेत उत्तम येत होते. काही महिन्यांनंतरचे व्याज हे मात्र माझ्यासाठी दुसऱ्याच कोणाचे तरी व्याज असायचे. दूरच्या मोठ्या लाभापेक्षा हाताशी असलेला छोटा लाभ निवडण्याकडे सर्वच माणसांचा ओढा असतो; एडीएचडीमध्ये तो सरासरीने अधिक तीव्र आढळतो. रसेल बार्कली यांच्यासारखे संशोधक या विकाराकडे काळाचे भान आणि स्वनियमन यांची अडचण म्हणून पाहतात, आणि कार्डाचे स्टेटमेंट समोर ठेवून वाचले की ते म्हणणे चांगलेच पटते.

बाकीच्या लाल खुणा किरकोळ पण चिवट होत्या. ‘पहिला महिना मोफत’ म्हणून घेतलेली आणि कधीच बंद न केलेली पाच सबस्क्रिप्शन्स त्यांत होती; पाचांपैकी एक खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या ॲपचे होते, यावर ताईला पहिल्यांदा हसू आवरले नाही. परत पाठवायचे म्हणून दाराशी ठेवलेले आणि मुदत उलटून गेलेले दोन खोकेही होते.

स्टेटमेंटमध्ये एक प्रकारचे नुकसान उमटतच नाही, ते म्हणजे न मागितलेले पैसे. कार्यालयाच्या कामासाठी केलेल्या प्रवासाची बिले मुदतीत सादर केली नाहीत, विम्याच्या दाव्याचा अर्ज अर्धवट भरून ठेवला, वॉरंटी असलेले यंत्र पावती सापडेना म्हणून स्वखर्चाने दुरुस्त केले. हे सगळे मला जुन्या ईमेल चाळून काढावे लागले आणि त्याची बेरीज निळ्या खुणांपेक्षा मोठी भरली.

निळ्या खुणांबद्दल मी सर्वांत जास्त शरमत होते, कारण उधळेपणाचा आळ त्यांच्यावर होता. चार कात्र्या, सात चार्जिंग केबली, पुस्तकबांधणीची एकदाच उघडलेली अवजारे. खणात बंद झालेली वस्तू माझ्या आठवणीतूनही बंद होते, म्हणून ती पुन्हा विकत घेतली जाते. आणि नव्या छंदाचा उत्साह सामान घरी येईपर्यंत ओसरतो. पण बेरीज केली तेव्हा निळी रक्कम लाल रकमेच्या निम्मीही नव्हती. इतकी वर्षे मी स्वतःला ज्या गुन्ह्याबद्दल बोल लावत होते, तो मुख्य गुन्हा नव्हताच.

हे कागदावर दिसत असूनही पहिल्या प्रयत्नात मी चुकीच्या ठिकाणी कात्री चालवली. हिरव्या खुणा ठळक होत्या, त्यांना ‘आळशीपणाचा खर्च’ म्हणणे सोपे होते: घरपोच सामानाचे जादा शुल्क, घर आवरायला आठवड्यातून एकदा घेतलेली मदत, आयकर विवरण भरून देणाऱ्या सल्लागाराची फी. मी तिन्ही एका झटक्यात बंद केली. तीन महिन्यांनी पाहते तर ये रे माझ्या मागल्या. दुकानात स्वतः गेल्यामुळे निळ्या खुणा वाढल्या. घर न आवरल्यामुळे पाकिटे पुन्हा कागदांच्या ढिगाखाली गेली. विवरण मी स्वतः, तेही उशिरा भरले आणि त्याचा दंड सल्लागाराच्या फीपेक्षा जास्त झाला. लाल खुणांची संख्या आधीच्या कोणत्याही तिमाहीपेक्षा अधिक होती. तोपर्यंत मी तिन्ही रंगांची बेरीज करून तिला एकच नाव देत होते. त्या संध्याकाळी हिरवा रंग वेगळा काढला आणि अंदाजपत्रकात त्याला घरभाड्याच्या खालोखाल जागा दिली. त्याबद्दल आता मी कोणाला स्पष्टीकरण देत नाही.

याच काळात औषधही सुरू झाले होते. त्याने वाचन आणि कार्यालयातले काम सुधारले, म्हणून पैशांचेही आपोआप सुधारेल अशी माझी भाबडी समजूत होती. स्वीडनच्या संपूर्ण लोकसंख्येच्या मानसिक आरोग्याच्या नोंदी आणि सुमारे १ लाख ८९ हजार लोकांच्या कर्जविषयक नोंदी वापरून केलेला एक अभ्यास २०२० साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एडीएचडी असलेल्यांचे कर्ज थकवण्याचे प्रमाण तारुण्याच्या आरंभी इतरांसारखेच असून मध्यम वयात झपाट्याने वाढते असे दिसले, आणि एडीएचडीवर दिली जाणारी उत्तेजक वर्गातील औषधे घेण्याशी आर्थिक वर्तनातल्या सुधारणेचा संबंध आढळला नाही. हे वाचून मला निराशा कमी आणि सुटकाच अधिक वाटली. गोळीने बिले भरली जात नव्हती ती माझ्या नाकर्तेपणामुळे नव्हे.

दुसऱ्या प्रयत्नात निश्चय वगैरे काही केला नाही, फक्त पायऱ्या कमी केल्या. कार्डाची किमान नव्हे, पूर्ण रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना दिली. ज्या ज्या सेवांनी मान्य केले, त्या सर्वांची देय तारीख पगारानंतरच्या पाच दिवसांत आणून ठेवली, कारण महिनाभर विखुरलेल्या नऊ तारखा सांभाळणे हे माझ्यासाठी नऊ स्वतंत्र कामे असतात. बिलांसाठी वेगळे खाते उघडले आणि त्याचे कार्ड घेतलेच नाही. त्यात महिन्याच्या गरजेपेक्षा थोडी जास्त रक्कम कायम ठेवते, म्हणजे वळती करताना शिल्लक कमी पडून पुन्हा दंड बसत नाही. मोफत महिन्याची सेवा घेतली तर त्याच मिनिटाला ती रद्द करते; पुष्कळ सेवा रद्द केल्यावरही मुदत संपेपर्यंत चालू राहतात. खरेदीच्या संकेतस्थळांवर साठवलेले कार्डाचे तपशील पुसून टाकले, कारण सोळा आकडे शोधायला उठावे लागले की निम्म्या इच्छा खुर्चीतच मावळतात.

जे टिकले नाही तेही सांगायला हवे. रंगीत रकान्यांची वही नऊ दिवस चालली. फोनवरच्या अकरा आठवणसूचना मी चौथ्या दिवसापासून न वाचताच बाजूला सारू लागले. त्याऐवजी ‘असे झाले की तसे करायचे’ या स्वरूपाची नेमकी जोडणी उपयोगी पडली. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी मांडलेली ही कल्पना नुसत्या संकल्पापेक्षा बरी चालते. माझ्यापुरते तिचे रूप असे, की प्रवासाहून आल्यावर बूट काढण्याआधी बिलांचे फोटो काढून पाठवायचे. बूट काढले की ते बिल बुडालेच, हे मला आता पक्के ठाऊक आहे.

जुन्या दंडांबद्दल सात ठिकाणी फोन केले, अर्थात ताई शेजारी असताना. निदानाचा उल्लेख कुठेच केला नाही. एवढेच विचारले, की पूर्वीची बिले वेळेत भरलेली असताना हे शुल्क माफ होऊ शकेल का. चार ठिकाणी झाले. वरातीमागून घोडे खरे, पण त्या रकमेत सल्लागाराची फी निघाली.

या दुसऱ्या प्रयत्नानंतरच्या बारा महिन्यांची स्टेटमेंट्स तपासायला तीन बैठका लागल्या. हिरवी रक्कम आधीपेक्षा वाढली आहे, निळी साधारण तेवढीच आहे. कात्री पाचवी आली. लाल खुणा सत्तेचाळीसवरून सहावर आल्या आहेत. त्यांतल्या पाच एकाच सेवेच्या आहेत, जिची रक्कम मी आपोआप वळती होऊ दिली नव्हती, कारण ती इतकी छोटी होती की माझ्या नक्की लक्षात राहील असे मला वाटले होते. ताईने विणकाम खाली ठेवले, माझा फोन माझ्या हातात दिला आणि त्या सेवेसाठी आपोआप वळतीची सूचना भरून होईपर्यंत ती गप्प बसून राहिली.