जांभळ्या टोपणाची नळी

इंदूरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये 'टीबीची रक्ततपासणी' म्हणून जी येते ती इग्रा. एकाच माणसाचं रक्त चार नळ्यांत, प्रत्येकीत एक मिली. नळ्या हलवायच्या, रात्रभर ३७ अंशांवर ठेवायच्या आणि पेशींनी किती इंटरफेरॉन गॅमा, म्हणजे जंतू ओळखल्यावर पेशी सोडतात ते प्रथिन, सोडलं ते मोजायचं. करड्या टोपणाच्या नळीत काहीच नसतं, हिरव्या-पिवळ्यांत टीबीच्या जंतूच्या प्रथिनांचे तुकडे, आणि जांभळीत मायटोजेन. या मायटोजेनने कुठल्याही धडधाकट टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, चवताळून उठतात. मी आधी जांभळीचाच आकडा बघते.

त्या दिवशी एका माणसाची जांभळी गप्प होती. ०.२१. करडीचा आकडा वजा करून निदान ०.५ तरी उरायला हवं. टीबीच्या नळ्याही शून्यालगत. अशा वेळी पहिला संशय आमच्यावरच, पण त्याच प्लेटमधल्या बाकीच्यांच्या जांभळ्या दहाच्या वर होत्या. रक्त मीच घेतलं होतं, अर्ध्या तासात इनक्युबेटरमध्ये गेलं होतं. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "एचआयव्ही आहे. गोळ्या मध्येच सोडल्यात. सीडी-४ आजच आला, ४१."

सीडी-४ म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या टी-पेशींची संख्या. पेशीच उरल्या नव्हत्या, चवताळणार कोण?

संध्याकाळी रिपोर्ट न्यायला त्याचे थोरले भाऊ आले. "ताई, निगेटिव्हच ना?"

"नाही काका, इनडिटरमिनेट आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे या तपासणीला उत्तरच देता आलं नाही. टीबी आहे असंही नाही, नाही असंही नाही."

"पण का?"

इथे माझी पंचाईत. भावाला आजार ठाऊक आहे की नाही, मला माहीत नव्हतं. २०१७ चा एचआयव्ही कायदा सोडा, त्याच्याशिवायही हे माझ्या तोंडून जाणं बरं नव्हे. "डॉक्टर समजावतील," एवढंच म्हटलं. ते चिडले. पिशवीतून दुसऱ्या एका लॅबचा कागद काढला: टीबीच्या अँटिबॉडी, निगेटिव्ह. "हे बघा, यांनी सरळ सांगितलंय!" ही अँटिबॉडीची तपासणी भारतात २०१२ पासून बंद आहे, इतकी बेभरवशाची. तो कागद बघून माझं डोकं फिरलं. सरळ सांगणारे रिपोर्ट लोकांना आवडतात, त्याला काय करणार!

खरं तर आमची इग्रा पॉझिटिव्ह आली असती तरी प्रश्न सुटला नसता. जंतू सुप्त आहे की आजार चालू आहे, हे तिला कळतच नाही. चालू टीबी ओळखायला ती वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तरी ताप-वजन घटलेल्या माणसाला ती लिहून दिली जाते.

त्याला खोकला नव्हता, थुंकी निघेना. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, लघवीची लॅम चाचणी झाली; ती टीबीच्या जंतूचे अंश लघवीत शोधते. तिचं गणित उलटं: सीडी-४ जितका खाली, तितकी ती पकडण्याची शक्यता जास्त. पंचवीस मिनिटांत पॉझिटिव्ह. टीबीच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या, एचआयव्हीच्या पुन्हा दोन आठवड्यांच्या आत.

काका नंतर पैसे परत मागायला आले. किट वापरून झालं होतं, म्हणून सरांनी दुसऱ्यांदा फुकट करून देऊ म्हटलं. डॉक्टर फोनवर हसले, "आता ती कशाला?"