खोलीबाहेरच्या दोन खुर्च्या

‘कपल पॅकेज’ हे शब्द दिसले की मी ती जाहिरात बंद करते. पलंगावर टॉवेलचे दोन हंस, त्यांच्याभोवती गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम, रात्री मेणबत्त्यांच्या उजेडात काय खातोय ते न दिसणारं जेवण. पाकळ्या झटकून झोपेपर्यंत अर्धा तास जातो आणि सकाळी एखादी तरी पाकळी पाठीला चिकटलेली असते. घाटातल्या अशा एका रिसॉर्टमध्ये आम्ही लग्नाच्या वाढदिवसाला गेलो होतो. शेजारच्या हिरवळीवर कुणाचा तरी संगीत सोहळा होता. मध्यरात्रीपर्यंत आम्हाला नवरीच्या सगळ्या मावश्यांची नावं पाठ झाली. नवरा म्हणाला, “आहेराचं पाकीट आणलं असतं तर जेवूनही आलो असतो.”

तेव्हापासून आमची एकच अट आहे. खोलीच्या बाहेर, पण खोलीचंच म्हणता येईल अशा जागी, दोन खुर्च्या हव्यात. त्यांच्यासमोर झाड, दरी, तलाव, गल्ली, काहीही चालेल. खोलीत बसलं की एक जण टीव्ही लावतो आणि दुसरा मोबाइल काढतो. मुलांच्या फीपासून सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंतचे घरचे विषय निघतात ते वेगळेच. बाहेर दोघं एकाच दिशेला बघत बसलो की आधी बराच वेळ कुणी बोलत नाही, आणि मग भलतंच काहीतरी सुरू होतं. मला सुट्टीतून एवढंच हवं असतं. स्विमिंग पूल असला तर असो.

या अटीवर सगळ्यात आधी उतरतं ते माथेरान. पुण्या-मुंबईचे लोक हे नाव ऐकून नाक मुरडतात, कारण शाळेची सहल तिथेच गेलेली असते. पण गाडी दस्तुरी नाक्यावरच सोडावी लागते असं दुसरं हिल स्टेशन दाखवा. तिथून पुढे पायी, घोड्यावर, किंवा हल्ली सुरू झालेल्या ई-रिक्षातून. आम्ही बॅग हमालाकडे देतो आणि रुळांच्या कडेने चालत निघतो. पाऊण तासात बाजारपेठ येते. तोवर बूट, पायजम्याच्या कडा आणि कधी कधी नाकाचा शेंडाही लाल झालेला असतो. पांढरे बूट घालून येणाऱ्या नव्या जोडप्यांकडे बघून मला फार मजा येते.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले आणि साहेबांना उन्हाळ्यासाठी जागा सापडली. मागोमाग बंगले उठले. साहेबांचे, मग पारशांचे, बोहऱ्यांचे. नेरळहून वर येणारी दोन फुटी रुळांची गाडी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधली, ती १९०७ मध्ये धावू लागली. वीसेक किलोमीटरला दोन तासांहून जास्त वेळ घेणारी गाडी आज कुणी मंजूर केली नसती. वाटेत ‘वन किस टनेल’ नावाचा बोगदा लागतो, नावातच त्याची लांबी आली. आम्ही त्यात होतो तेव्हा समोरच्या बाकावरचे आजोबा ऐन अंधारात म्हणाले, “कुणाकडे टॉर्च आहे का?” पावसाळ्यात नेरळकडून वर येणारी गाडी बंद असते, पण दस्तुरी नाक्याजवळचं अमन लॉज स्टेशन ते माथेरान ही छोटी फेरी चालू असते. पावसात जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

राहण्याबद्दल माझं मत पक्कं आहे. माथेरानला नवं, चकचकीत, काचेच्या दारांचं हॉटेल घेण्यात काही अर्थ नाही. जुना बंगला घ्यावा. शार्लोट तलावाच्या बाजूच्या जंगलात एकोणिसाव्या शतकातलं बार हाऊस आहे, ‘द व्हरांडा इन द फॉरेस्ट’ या नावाने ते पाहुण्यांसाठी खुलं झालं. नावाप्रमाणे घर कमी आणि व्हरांडा जास्त. लांबच लांब, उंच खांबांचा, आरामखुर्च्या ओळीने मांडलेल्या. समोर झाडी इतकी दाट की दुपारी बारालाही ऊन जमिनीवर तुकड्यातुकड्यांनीच पडतं. आम्ही राहिलो तेव्हा खोलीत टीव्ही नव्हता. पहिल्या संध्याकाळी नवरा अस्वस्थ होऊन तीनदा बाजारात जाऊन आला, एकदा चिक्की, एकदा चप्पल आणि एकदा काहीच न घेता. दुसऱ्या दिवशी तो न्याहारीनंतर खुर्चीत बसला, तो जेवायलाच उठला. मधल्या वेळात फांदीवरून एक शेकरू गेलं. तपकिरी, झुपकेदार शेपटीचं, अजिबात घाई नसलेलं. त्याच्यावर आम्ही तासभर बोललो असू.

एक सूचना: चहाबरोबरची बिस्किटं व्हरांड्यात ठेवून आत जाऊ नका. माकडं तुमच्यापेक्षा जुनी रहिवासी आहेत आणि त्यांना दाराची कडी उघडता येते. हॉटेलवाले खिडक्या लावायला सांगतात ते उगीच नाही.

मोकळ्या दरीची आवड असेल तर कड्यावरच्या लॉर्ड्स सेंट्रलकडे बघा. पारशी कुटुंबाचं जुनं हॉटेल, जेवणखाण मुक्कामातच धरलेलं. ही सोय माथेरानला फार कामाची आहे. कारण रात्री आठनंतर अंधारात, मुळांना ठेचकाळत, ‘कुठे जेवायचं’ यावर भांडत फिरण्यापेक्षा ठरलेल्या वेळी टेबलावर जाऊन बसलेलं कधीही बरं. पॉइंट सगळे बघायचा हट्ट धरू नये. सूर्योदयाला पॅनोरमा आणि एका संध्याकाळी लुईझा पॉइंट, जिथून समोर प्रबळगड दिसतो, एवढं पुष्कळ झालं. शनिवार-रविवार मात्र टाळाच. घोड्यांची धूळ आणि लोकांची गाणी यात माथेरान सापडत नाही. मंगळवार-बुधवारी गेलात तर रात्री नऊला असा शुकशुकाट होतो की शहरी माणसाला पहिल्या रात्री झोप येत नाही.

सावंतवाडीला आम्ही गेलो ते गोव्याच्या वाटेवर थांबायचं म्हणून. गाव मोती तलावाभोवती वसलेलं आहे आणि काठावरच भोसल्यांचा जांभ्या दगडातला राजवाडा आहे. अलीकडे या राजवाड्याच्या आवारातल्या मोजक्या खोल्यांमध्ये पाहुण्यांना राहता येतं. खोल्यांची सजावट गंजिफाच्या चित्रांवरून केलेली. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे बारा-बारा. ही कला सावंतवाडीतून जवळजवळ गेलीच होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात उरल्यासुरल्या जाणकारांना गाठून ती पुन्हा उभी केली. आजही दरबार हॉलमध्ये कारागीर मांडी घालून पत्ते रंगवत असतात. केसाएवढ्या रेघा, एकदा हलली की गेली. आम्ही शेजारी उभे राहिलो तर कुणी हाकलत नाही, पण दबक्या आवाजात बोलायचं आपोआप कळतं.

खेळाचे नियम ऐकताना मला सगळ्यात आवडलं ते हे, की दिवसा खेळ रामाच्या पत्त्याने सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या. नवऱ्याने लगेच एक डबा विकत घ्यायचं ठरवलं. मग कळलं की गंजिफाला किमान तीन गडी लागतात. “म्हणजे राजेलोकही दोघंच फिरायला जात नसत,” असं म्हणून त्याने तरीही डबा घेतला. तो आता शोकेसमध्ये आहे, तिसऱ्या गड्याची वाट बघत.

इथल्या मुक्कामाची गंमत अशी की करण्यासारखं गावात जे आहे ते सगळं चालत्या अंतरावर आणि तासा-दोन तासांचं. चितार आळीत लाकडी भाज्या-फळं बघायची, लाकडी आंबा उगीच नाकाजवळ नेऊन बघायचा. दुपारी भालेकरांच्या खाणावळीत माशाचं ताट, सोलकढी, नंतर झोप. संध्याकाळी तलावाच्या कठड्यावर सगळं गाव येऊन बसतं, त्यात आपणही. राजवाडा म्हटल्यावर ज्यांना हुजरे आणि झुंबरं हवी असतात त्यांनी उदयपूरला जावं. इथे अजून घरपण आहे, आणि मला तरी तेच परवडतं, पैशाने आणि मनानेही.

आता पणजी. गोव्याला जाऊन समुद्रावर न राहणारे आम्ही, असं आमच्या मित्रमंडळींत बोललं जातं. कळंगुट-बागाला खोलीतून समुद्र दिसतो म्हणतात, पण दिसतात त्या शॅकच्या पाट्या. आम्ही राहतो फोंतेन्हासमध्ये. एका अंगाला अल्तिनोची टेकडी, दुसऱ्या अंगाला ओरेंची खाडी आणि मध्ये पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगांची कौलारू घरं. तिथलं पंजिम इन हे एकोणिसाव्या शतकातलं घर आज हॉटेल आहे. वरच्या मजल्याला लाकडी कठड्याची लांब गॅलरी, खोलीत चार खांबांचे पलंग, इतके उंच की चढताना जरा उडी मारावी लागते. सकाळी त्या गॅलरीत नाश्त्याला बसलं की खाली गल्ली जागी होताना दिसते. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, कुणीतरी वरून पोय हा गोव्याचा पाव मागतं, एक मांजर स्कूटरच्या सीटवर जागा बदलतं. दहाच्या पुढे मात्र फोटोवाले येतात. प्री-वेडिंगची जोडपी दुसऱ्याच्या दारात टेकून उभी राहतात आणि आतल्या काकूंचा पारा चढतो. बऱ्याच घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्या आहेत त्या याच कारणाने. दहा ते पाच आपण खोलीत किंवा दुसरीकडे असावं आणि गल्ली संध्याकाळी परत घ्यावी.

संध्याकाळी सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलपर्यंत चालत जायचं. तिथला क्रूसावरचा येशू डोळे उघडे असलेला आहे. ही मूर्ती आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होती, तिथून पणजीतल्या राजवाड्यात आली आणि १९१८ मध्ये इथे. ज्यांची चौकशी चालायची त्यांच्याकडे हे डोळे बघत असणार, हे कळल्यावर आम्ही दोघंही थोडे गप्प झालो. मग ३१ जानेवारी नावाच्या रस्त्यावरच्या त्याच नावाच्या बेकरीत गरम पफ खाऊन पुन्हा बोलते झालो. गोव्यात अशीच दिवसाची सुरुवात आणि शेवट होतो, इतिहास आणि खाणं आलटून पालटून. काजूचा हंगाम असेल, म्हणजे मार्च ते मे, तर गल्लीतल्या एखाद्या चिमुकल्या बारमध्ये हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची हलकी दारू, मिळेल. लिंबू, सोडा, चिरलेली हिरवी मिरची. घरी न्यायच्या भानगडीत पडू नका, लवकर उतरते ती. म्हणजे चव उतरते, डोक्यातून नव्हे.

तारकर्लीबद्दल मैत्रिणी हमखास विचारतात, म्हणून थोडक्यात. रिसॉर्टपेक्षा देवबागच्या बाजूला घरगुती मुक्काम बघा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि मधल्या माडांच्या पट्टीत घर. खळ्यात, म्हणजे अंगणात, झोपाळा असतो. नियमाप्रमाणे दोन खुर्च्या नाहीत, पण झोपाळा मी ग्राह्य धरते. सकाळी घावणे, दुपारी बांगडा की सुरमई हे आदल्या रात्री सांगावं लागतं. सिंधुदुर्ग किल्ला बघायचा तर मालवणच्या धक्क्यावरून सकाळची पहिली होडी धरा.

फोनवर बुकिंग करताना मी तीन गोष्टी विचारते. खोलीबाहेर बसायला जागा आहे का, आणि ती फक्त आमची की सगळ्यांची. त्या तारखांना आवारात लग्न किंवा कंपनीची पार्टी आहे का. आणि जेवण तिथेच मिळतं का. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस अडखळला की मी तारीख बदलते. लग्न न झालेल्या जोडप्यांनी चौथाही विचारावा. दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहायला कायद्याची आडकाठी नाही, पण काही ठिकाणी, विशेषतः घरगुती मुक्कामांत, मालक नाही म्हणतात. रात्री दहाला बॅग घेऊन दारात वाद घालण्यापेक्षा आधीच साफ विचारून घेतलेलं बरं. ओळखपत्र दोघांचंही लागतं, एकाचं चालत नाही.

पणजीसाठी कार्निव्हल आणि वर्षअखेर सोडून कधीही. सावंतवाडीला ऑक्टोबरनंतर. माथेरानला पाऊस नुकताच संपलेला असताना, रस्त्यातला चिखल सुकलाय आणि धूळ अजून उडू लागलेली नाही अशा मधल्या आठवड्यांत. दिवाळीची सुट्टी लागली की त्या खोल्या मिळत नाहीत, त्यामुळे फोन गणपतीतच करून टाका.