तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजांच्या शिपायासाठी इटलीला कशाला गेलात?

इंग्रजांसाठी मेलेल्या माणसापुढे हात जोडायला म्हाताऱ्या आईला एवढ्या लांब कशाला नेलंत? हे मला लग्नांत विचारून झालंय, एसटीत विचारून झालंय, आईच्या दहाव्याला घाटावरसुद्धा एकानं विचारलं. एकदाच सांगते.

सक्ती नव्हती, हे आधीच कबूल. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातून पंचवीस लाख माणसं गेली, ती आपणहून भरती झालेली. आईचे वडील त्यातलेच, मराठा लाइट इन्फन्ट्रीत. १९४३ साली आमच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं आणि त्याच साली नोव्हेंबरात आजोबा इटलीत सांग्रो नदीच्या लढाईत पडले. कॉलेजात असताना मी आजीच्या तोंडावर त्यांना 'भाडोत्री' म्हणाले होते. आजी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, मान वर झाली नाही.

त्या वयातला माझा मुद्दा मला आजही पुरता खोडता येत नाही. चार एकर कोरडवाहू, खाणारी सात तोंडं आणि महिन्याला येणारी मनीऑर्डर, एवढंच मी त्या कॉलेजातल्या मुलीला सांगू शकते. ती म्हणेल, गरीब तर प्रतिसरकारातले पोरगेही होते. बरोबर आहे तिचं.

पण माणगावला यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे, तो कुणाला खुपत नाही. तेही त्याच इन्फन्ट्रीतले, १० जुलै १९४४ ला इटलीतच पडले, कबर त्यांचीही नाही, कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला म्हणून ते वीर, आणि आमचे आजोबा भाडोत्री?

२०१९ साली आईला घेऊन गेले. ती शहात्तर वर्षांची. वडील बोटीवर चढले तेव्हा ती पोटात होती. सांग्रोची युद्ध-दफनभूमी टेकडीच्या कुशीत आहे, अडीच हजारांवर कबरी. हुद्दा कुठलाही असो, दगड सारख्याच उंचीचे. आई एकेका दगडाकडे बघत चालली होती. तिला वाटत होतं, यातला एक आपला. मी आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नव्हतं. ज्यांना अग्नी दिला त्यांना कबर नाही. अशा पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांसाठी तिथे वेगळं स्मारक आहे, त्यावर फक्त नावं.

नाव सापडलं. इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नव्हती, म्हणून तिचं बोट धरून मी एकेका अक्षरावरून फिरवलं. ती म्हणाली, "हे नाव झालं. माणूस कुठाय?"

"आई, इथंच कुठंतरी जाळलं असेल त्यांना."

ती खाली बसली. गुलाबाच्या बुंध्याशी माती ओली होती, तिनं बोटांनी उकरली आणि मूठ भरली. पदराचं टोक सोडायला लागली, तसं मी तिचं मनगट धरलं. "आई, नको. नियम असतात इथले." कुठलाही नियम मी वाचला नव्हता. पलीकडे एक माळी गवताच्या कडा कापत होता, तो बघेल एवढीच मला लाज. त्यानं बघितलं आणि पाठ फिरवून दुसऱ्या रांगेत गेला. आईनं मूठ उघडली. नखांत माती तशीच राहिली.

परत आल्यावर वाचलं, की या कबरी राखणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननंच इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीनुसार नुसते आकडे घातले. २०२१ साली त्यांनी अशा भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. म्हणजे आमच्या वाट्याला निदान नाव तरी आलं, ते बोटाला लागलं. एवढ्यासाठी जाणं योग्य होतं, असं मी तुम्हाला ठणकावून सांगते. मग रात्री वाटतं, तिला नाव नकोच होतं, ती मूठ हवी होती.

आजोबा का गेले, ते चूक की बरोबर, हे तुम्ही मला खुशाल विचारा. आईनं परतीच्या विमानात मला एकच विचारलं होतं: "तो माळी काही म्हणाला असता का गं?"